बोरघाट ८ × ४ फुटांत: एचओ लेआउटचे डोंगर, बोगदे आणि कमानी पूल

पळसदरी केबिन

मंडळी, माझ्या एचओ लेआउटचं (म्हणजे खऱ्या रेल्वेच्या १:८७ मापातल्या मॉडेल रेल्वेचं) ट्रॅक आणि वायरिंग झालं आहे. आता देखाव्याला हात घालायचा, पण त्याआधी जाणकारांना विचारून घ्यावं म्हणून हा धागा.

परिस्थिती अशी. गोरेगावातला फ्लॅट. बेसबोर्ड ८ × ४ फूट, १२ मिमी प्लाय, खाली लाकडी पट्ट्यांची चौकट. बोर्ड मधोमध दुभंगतो आणि ४ × ४ चे दोन भाग भिंतीला उभे राहतात, त्यामुळे वजन फार वाढवता येणार नाही. एकेरी अंडाकृती मार्ग, वळणांची त्रिज्या २२ इंच, उजव्या भागात एक सायडिंग (बाजूला फुटणारा रूळ). डबे आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या घडणीचे), पूर्ण लांबीचे.

हवा आहे तो कर्जत ते खंडाळा पट्ट्याचा आभास. प्रश्न असे:

खरा चढ १:३७ चा आहे. तोच धरून गाडी चढवत नेऊन स्वतःच्याच मार्गावरून पुलाने ओलांडता येईल का? डोंगरासाठी थर्माकोल, पीओपी की आणखी काही? दगडाचे तयार रबरी साचे मिळतात, पण त्यातून निघणारा कातळ आल्प्ससारखा दिसतो, सह्याद्रीसारखा नाही. त्यावर उपाय? तीन-चार कमानींचा दगडी पूल कसा करावा? आणि जून ते सप्टेंबर या सगळ्याचं काय होतं?

घाटमाथा

चढाचा हिशोब आधी करू, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

२२ इंच म्हणजे ५५९ मिमी. दोन्ही अर्धवर्तुळं मिळून ३.५१ मीटर, सरळ भाग २.४४ मीटर, एकूण ५.९५ मीटर. अर्ध्या फेरीत चढायचं आणि अर्ध्या फेरीत उतरायचं, म्हणजे चढायला मिळाले जेमतेम ३ मीटर. त्याला ३७ ने भागा, ८० मिमी. चढ सुरू होताना आणि संपताना रूळ हळूहळू वाकवावा लागतो, नाहीतर इंजिनाचं पुढचं चाक उचललं जातं आणि कपलिंग सुटतं. त्यात आणखी १०-१५ मिमी जातात. उरले ६५-७०. खालच्या गाडीला रुळाच्या माथ्यापासून ७७ मिमी मोकळी उंची हवी, त्यावर १२ मिमी प्लाय, कॉर्क आणि ट्रॅक. म्हणजे दोन रुळांत ९५ ते १०० मिमी अंतर लागणार. बसत नाही. चढ १:२५ केला तर बसेल, पण वळणावर आधीच घर्षण असतं. सहा डबे लावले की इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरत बसतील.

तर रूळ सपाट ठेवा आणि दरी खाली पाडा. घाट चढामुळे वाटत नाही. एका अंगाला कातळ आणि दुसऱ्या अंगाला पाताळ असलं की वाटतो.

डाव्या ४ × ४ भागात वळण संपल्यापासून मधल्या जोडापर्यंत समोरचा सरळ भाग ६१० मिमी आहे. तेवढ्या लांबीत पुढच्या कडेपासून ४५० मिमी आतपर्यंत प्लाय कापा. खाली २०० मिमीवर ६ मिमी प्लायचा तळ द्या, बाजूंना पट्ट्या लावा. कापण्याआधी खालच्या चौकटीची पट्टी कुठून जाते ते पाहा. ती तोडावी लागली तर नवी पट्टी दरीच्या तळाखालून फिरवून दोन्ही टोकांना स्क्रूने बांधा. नाहीतर बोर्ड उभा करताना पिळवटतो. पुढची दर्शनी पट्टीसुद्धा दरीच्या आकारात कापा. सरळ कड ठेवली तर दरी हौदासारखी दिसते.

मागची अर्धी फेरी डोंगराखाली घाला, म्हणजे गाडी गोल फिरते आहे हे लपतं. डोंगराच्या मागच्या बाजूला १५० × २०० मिमीच्या दोन खिडक्या मोकळ्या ठेवा. बोगद्यात डबा घसरला तर हात आणि हातातला डबा दोन्ही बाहेर यायला हवेत.

उजवीकडच्या सायडिंगची कॅच सायडिंग करा. मंकी हिल आणि ठाकुरवाडीला आहेत तशी: घाट उतरताना गाडी आवरेनाशी झाली तर तिला वळवून चढावर थोपवायला. टोकाला सायडिंग १:१५ ने उचला, शेवटच्या १०० मिमीत रूळ वाळूत अर्धे बुडवा. एवढ्याने बघणाऱ्याला जागा ओळखू येते.

रच्याकने, घाट १८६३ मध्ये सुरू झाला तेव्हा तिथे रिव्हर्सिंग स्टेशन होतं, म्हणजे गाडी एका टोकाला जाऊन उलट दिशेने पुढे चढायची. ते १९२९ मध्ये बंद झालं. जुना काळ दाखवायचा असेल तर एवढ्या लहान जागेत ती युक्ती चढाचा प्रश्न खरोखर सोडवते, पण मग गोल फिरणारी गाडी विसरा.

काळा पाषाण

कातळाबद्दल मी लिहितो. घाटमाथा यांच्या दरीला +१.

सह्याद्रीचा दगड बेसाल्ट, लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला. म्हणून आपले डोंगर आडव्या पायऱ्यांचे दिसतात. मध्ये उभा कडा, मग गवताची आडवी पट्टी, पुन्हा कडा. आल्प्सच्या साच्यात दगडाचे पदर तिरपे आणि टोकदार असतात. तो साचा कितीही फिरवून लावा, घाट दिसणार नाही. साचे बाजूला ठेवा.

सामान घ्यायचं ते एक्सपीएस. गच्चीच्या उष्णतारोधासाठी वापरतात ती घट्ट, रंगीत फोमची शीट. थर्माकोल घेऊ नका. ते मण्यामण्यांनी फुटतं, कापताना विजेने भारलेले मणी घरभर चिकटतात आणि सांध्यांच्या (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागांच्या) पात्यांत जाऊन बसतात. एक्सपीएस ५० मिमी आणि २५ मिमी अशा दोन जाडीत घ्या. आता गंमत बघा: ५० मिमी गुणिले ८७ म्हणजे ४.३५ मीटर, २५ मिमी म्हणजे सव्वादोन मीटरच्या आसपास. शीटवर शीट रचली की बेसाल्टच्या पायऱ्या आपोआप तयार होतात. परदेशी व्हिडिओंमध्ये हे जोड पुट्टीने बुजवायला सांगतात. आपल्याला ते जोडच हवे आहेत. फक्त सगळे थर एका जाडीचे नकोत: ५०, २५, ५०, मग सुरीने १५ चा केलेला तुकडा, पुन्हा ५०. प्रत्येक थर खालच्यापेक्षा ५ ते ४० मिमी मागे, आणि हे मागे घेणंही वेडंवाकडं.

चिकटवायला पांढरा फेविकॉल, पण शीटभर थापू नका. फोममधून हवा जात नाही, त्यामुळे मधला फेविकॉल आठवडाभर ओला राहतो आणि थर सरकतात. कडेने ठिपके द्या, बांबूच्या काड्या आरपार खुपसा, वर रात्रभर वजन ठेवा. सिंथेटिक रबरचा पिवळा डिंक, फेविक्विक आणि स्प्रे पेंट या तिघांना फोमजवळ येऊ देऊ नका. तिघेही फोम विरघळवतात. स्प्रेचा तर नुसता फवारा उडाला तरी कड्यावर देवीचे व्रण उठतात.

कापायला तुटत्या पात्याची लांब सुरी, पातं दर दहा मिनिटांनी नवं. तापलेल्या तारेने काप गुळगुळीत येतो, तो इथे उपयोगाचा नाही. शिवाय धूर विषारी, बंद खोलीत नकोच. सुरीने अर्धं कापून उरलेलं हाताने मोडा. मोडलेली बाजू बाहेर ठेवा, ती जवळजवळ तयार कातळ असते. मग पितळी तारांचा ब्रश घेऊन आधी आडवा ओढा, नंतर ठिकठिकाणी उभ्या भेगा पाडा. बेसाल्टला उभ्या भेगा असतात, पण त्या एका थरापुरत्या. वरच्या थरातली भेग सरळ खालच्या थरात उतरवली की दगडाची विटांची भिंत होते. सगळ्यांत जास्त होणारी चूक हीच.

दोन थरांच्या मध्ये एखाद्या जागी ६-८ मिमीची तांबडी पट्टी ठेवा. दोन लाव्हा थरांमधला तो भाजलेला मातीचा पट्टा घाटात दिसतो. गेरू पाण्यात कालवून, थोडा फेविकॉल घालून लावला की रंग तंतोतंत येतो. अख्ख्या डोंगरात असा एकच पट्टा, आणि तोही मध्येच झाडीत गुडूप.

रंगाचा क्रम. आधी मध्यम करडा, पाण्याचा ॲक्रिलिक; काळा नको, कारण १:८७ मध्ये काळा रंग म्हणजे नुसतं भोक दिसतं. वाळल्यावर काळा रंग एकास पंधरा पाण्यात, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, तो वरून ओघळू द्या. भेगा आपोआप भरतात. पूर्ण वाळला की जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट करडा फक्त कडांवर. पावसाळी घाट हवा असेल तर कड्याच्या सावलीच्या बाजूला शेवाळी हिरव्या उभ्या रेघा. उन्हाळी हवा असेल तर गवताच्या पट्ट्या पिवळट-तपकिरी. ऋतू आधी ठरवा, दोन्ही एकत्र करू नका.

पीओपी लागेल, पण थोडं. डोंगराच्या उतरत्या भागाला, जिथे कडा नाही तिथे, मेडिकलमध्ये मिळते ती हाडं जोडायची प्लास्टरची पट्टी वापरा. १५ सेमी रुंद, २.७ मीटर लांब. कोमट पाण्यात पाच सेकंद, हलकी पिळून दोन थर. कालवलेलं पीओपी दीड चौरस मीटरवर ५ मिमी थापलं तर आठ-नऊ किलो भरतं. पट्टीत त्याच्या निम्म्यानेही भागतं. बोर्ड उभा करायचा म्हटल्यावर हा फरक पाठीला कळतो. जिथे पीओपी कालवायचंच असेल तिथे मापाने दोन भाग पीओपी, एक भाग पाणी. आणि पीओपी पाण्यात टाकायचं, पाणी पीओपीत नाही, नाहीतर गुठळ्या. लादीवाले वापरतात तो काळा ऑक्साइड किलोमागे दोन चमचे मिसळा, म्हणजे टवका उडाला तरी पांढरं दिसणार नाही. चार चमचे घातलात तर पीओपी ठिसूळ होईल. उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका. ते पाण्याखालीही घट्ट होतं आणि प्लंबरला बोलवावं लागतं.

पळसदरी केबिन

धन्स दोघांनाही. दरी कापायचं ठरवलं. पावसाळ्याबद्दल कोणी सांगेल का? आणि माती खरीच वापरावी की रंगवलेला लाकडाचा भुसा?

चाळणीवाला

खरी मातीच. भुसा पावसाळ्यात ओल धरतो आणि ऑगस्टपर्यंत पांढरी बुरशी येते. माती घाटातली लालसर-तपकिरी घ्या, लोखंडी तव्यावर धूर निघेपर्यंत भाजा, म्हणजे किडे-अंडी-बी सगळं मरतं. मग आधी रव्याच्या, नंतर मैद्याच्या चाळणीने चाळा. वरची जाड उतारावर, बारीक पायवाटेला. जुहू-गिरगावची वाळू अजिबात नको. तिच्यात मीठ असतं, ते ओल ओढतं आणि रूळ काळे पडतात.

बुरशीवर अजून एक उपाय: फेविकॉलच्या पाण्यात टाकणखार टाका चमचाभर.

सुतारपक्षी

टाकणखार नको! फेविकॉलमध्ये टाकणखार गेला की त्याचा रबरासारखा गोळा होतो. पोरं स्लाइम करतात ते याच दोन वस्तूंचं. ड्रॉपर तुंबेल आणि माती चिकटणारच नाही. फेविकॉलच्या पाण्यात पाव लिटरला जंतुनाशक द्रवाचे चार-पाच थेंब पुरे. बाकी चाळणीवाल्यांचं सगळं बरोबर.

पावसाळ्याचं म्हणाल तर प्लाय फुगतो तो कडांमधून. कापलेली प्रत्येक कड, दरीची नवी कड धरून, पातळ फेविकॉलने दोनदा भरून घ्या आणि वर ऑइल पेंट. खालची बाजूही रंगवा. वरून रंग आणि खालून कोरडं लाकूड असलं की ओल एकाच बाजूने आत जाते आणि बोर्ड ताटलीसारखा वाकतो. नवा प्लाय घेणार असाल तर बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही टिकणाऱ्या) प्रतीचा, आयएस ३०३ चा शिक्का बघून. मरीन प्लाय, आयएस ७१०, इथे गरजेपेक्षा जास्त आणि जडही.

फेविकॉल, पीओपी, रंग ही ओली कामं ऑक्टोबर ते मे या काळात उरका. मे महिन्यात पीओपीची पट्टी दोन दिवसांत हाडासारखी कोरडी होते, जुलैत आठवडा लागतो. कोरडी झाली का ते बोटाने कळत नाही. हाताची मागची बाजू किंवा गाल टेकवा. गार लागलं तर आत ओल आहे. ओल्यावर रंग चढवला की तो पापुद्र्याने सुटतो. पावसाळ्यात झाडं, पूल, केबिन असली टेबलावरची कामं घ्या.

बोर्ड उभे करता ती भिंत बाहेरची असेल तर मागे दोन इंचांचे लाकडी ठोकळे ठेवा. भिंतीला चिकटून ठेवलेल्या बोर्डाच्या पाठीवर पहिली बुरशी येते. स्क्रू पितळी किंवा झिंक चढवलेले. रुळांच्या जोडांत अर्धा ते एक मिमी फट सोडलेली असू द्या. रूळ फारसा वाढत नाही; खालचं लाकूड ओलीने हलतं आणि रुळाला साप करतं.

आणखी एक. दरीमुळे आणि डोंगरामुळे उभ्या बोर्डाची जाडी आता अर्धा मीटर होईल. डोंगराचा माथा वेगळा करा, एका पायरीच्या रेषेवर तोडून, खाली चार चुंबकं किंवा खुंट्या. थरांचा फायदा इथेही आहे, जोड दिसत नाही. कधी घर बदलायचं झालंच तर ४ × ४ चा बोर्ड लिफ्टमध्ये जाईलच असं नाही हेही लक्षात असू द्या.

कमानदार

पूल माझा विषय.

जागा ६०० मिमी. ४० फुटी कमान धरली तर १:८७ मध्ये १४० मिमी. तीन कमानी ४२०, दोन खांब ३० चे म्हणजे ६०, दोन टोकांना ६०-६० चे भक्कम बांध. बरोबर ६००. अर्धगोल कमानीची उंची ७० मिमी, माथ्यावर दगड १२ मिमी, खांब ९० मिमी: एकूण १७२. घाटमाथांच्या २०० मिमी दरीत छान बसतो आणि तळाला ओढ्यासाठी थोडी जागा उरते.

गाडीचं वजन कमानीवर द्यायचं नाही. १२ मिमी प्लायची ५० मिमी रुंद सलग पट्टी रुळाखालून जाऊ द्या, दोन्ही टोकांना बेसबोर्डावर स्क्रू, आणि खांबांच्या पोटात एक-एक लाकडी दांडा. दगडी पूल हा तिच्याभोवतीचा अंगरखा. बाजूच्या भिंती ५ मिमी सनबोर्डच्या (दोन्हीकडे कागद चिकटवलेला फोमचा बोर्ड). क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास स्टेशनरीवाल्यांकडे मिळतो. एका बाजूचा कागद पाण्याचं बोट फिरवून सोलून काढा, आतल्या फोमवर दगड कोरायचे. कमान कापताना मोठ्या कंपासला पातं बांधा. हाताने कापलेला गोल लांबूनही वाकडा कळतो. दोन्ही बाजूंच्या भिंती एकावर एक ठेवून एकदमच कापल्या तर कमानी समोरासमोर येतात.

कमानीची पोटाकडची बाजू जाड आयव्हरी कार्डची, प्रत्येकीला २२० × ५८ मिमीची पट्टी. कार्ड तसंच वाकवलं तर त्याला ठिकठिकाणी घड्या पडतात. आधी लाटण्यावर गुंडाळून रात्रभर ठेवा, शिवाय कार्डाचा दाणा वाकायच्या दिशेला आडवा हवा. कुठला दाणा ते कळायला कार्ड दोन्ही बाजूंनी अलगद वाकवून बघा. सहज वाकतं ती बाजू.

दगड कोरायला बोथट पेन्सिल. थराची उंची ४ मिमी, म्हणजे खरा साधारण एक फूट दोन इंच. दगडाची लांबी ६ ते ११ मिमी, उभ्या दरजा एकाखाली एक यायला नकोत. आधी कमानीभोवतीचे पाचरीचे दगड काढा, संख्या विषम, म्हणजे माथ्यावर बरोबर एक किल्लीचा दगड येतो. मग आडवे थर त्यांना येऊन भिडवा. उलट क्रमाने केलं तर कमानीशी कपचे उरतात आणि गवंड्याने हात टेकले असं दिसतं. रंग काळा पाषाण यांच्याच क्रमाने, फक्त दरजांत काळ्याऐवजी फिकट चुन्याचा रंग. तो ओल्या फडक्याने वरून पुसून घ्यायचा. पाणी झिरपल्याचे पांढरे ओघळ कमानीच्या पोटाशी दोन-तीन ठिकाणी.

बोगद्याची तोंडं पण याच सनबोर्डची. माप घेताना एकच गोष्ट विसरली जाते, वळणावर डबा बाहेर येतो. आयसीएफचा डबा २१.३ मीटर, म्हणजे २४५ मिमी. बोगींमधलं, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या दोन संचांमधलं, अंतर १७० मिमी. २२ इंची वळणावर डब्याचं पोट साडेसहा मिमी आत झुकतं, आणि टोकाचे कोपरे तेवढेच बाहेर. सरळ रुळावर मध्यरेषेपासून १९ मिमी लागतात तिथे वळणावर दोन्हीकडे २५. तोंडाची रुंदी किमान ६५ ठेवा, उंची रुळापासून ८०. हिशोबावर विश्वास नसेल तर सर्वांत लांब डब्याच्या पोटाशी आणि कोपऱ्याला पेन्सिल टेपने लावा, रुळाशेजारी कागद पसरून डबा हाताने फिरवा. कागदावर उमटलेल्या रेषेच्या बाहेर ५ मिमी, तिथून दगड सुरू. पुढे दुहेरी मार्ग करायचा विचार असला तर हेच लक्षात घ्या: खऱ्या ४.२६५ मीटर अंतराचे ४९ मिमी होतात, पण या वळणावर समोरासमोरचे डबे घासतील. ६० ठेवा.

बोगद्याच्या आत पहिले १५० मिमी काळ्या रंगाचं कार्ड गोल करून सरकवा. नाहीतर आत डोकावलं की प्लाय आणि वायर दिसते. तोंडाच्या वरच्या बाजूला धुराची काजळी, ही काजळी कोळशाच्या भुकटीने बोटानेच लावायची.

पळसदरी केबिन

कमानदार, पेन्सिलची युक्ती आजच करून पाहिली. एका ठिकाणी सिग्नलचा खांब रेषेच्या आत येतोय, बरं झालं. शेवटचं: खडी आणि झाडं. खडीला रवा चालतो असं कुठेतरी वाचलं होतं.

चाळणीवाला

रवा मुंग्यांना चालतो. 😀

खरी खडी २० ते ६५ मिमी. ८७ ने भागा, पाव ते पाऊण मिमी. बांधकामाच्या सामानाच्या दुकानातून खडीची कच आणा, ती बेसाल्टचीच असते, म्हणजे रंग घाटातलाच. नागदेवी स्ट्रीटला तारेच्या जाळ्या मिळतात. २० नंबरच्या जाळीतून पडलेली आणि ६० नंबरच्या जाळीवर अडलेली कच ती तुमची खडी. मीटरला साधारण १५०-१८० ग्रॅम लागते, तुमच्या सहा मीटरला सांडलवंड धरून दीड किलो काढा. चार-पाच पाण्यांनी धुवा. धूळ राहिली तर फेविकॉलशी मिळून सिमेंटसारखा लगदा होतो आणि दाणे दिसतच नाहीत. वाळल्यावर साधं काळं चुंबक फिरवा आणि चिकटेल ते फेका. बेसाल्टमध्ये लोहखनिज असतं. सुटे दाणे इंजिनाच्या मोटरच्या चुंबकाला जाऊन चिकटतात आणि गिअरमध्ये उतरतात. फार ताकदीचं चुंबक वापरलंत तर मात्र चांगली खडीही खेचली जाईल.

टाकायची पद्धत. आधी रुळांच्या बाजू गंजाच्या तपकिरी रंगाने रंगवा, माथा पुसून घ्या. कागद दुमडून त्यातून आधी रुळांच्या मध्ये, मग दोन्ही खांद्यांवर. मऊ ब्रशने सारखी करा. स्लीपरच्या वर एकही दाणा नको, वाळल्यावर तो दगडासारखा बसतो. मग ओलं करणं, इथेच सगळे चुकतात. कोरड्या खडीवर फेविकॉलचं पाणी टाकलं की थेंब गोळी होऊन फिरतो आणि दाणे त्याच्या अंगाला लागून खड्डा पडतो. आधी फवाऱ्याने साबणाचं पाणी, पाव लिटरला दोन थेंब, इतकं की खडी काळी दिसेल. फवारा वरून पडू द्या, सरळ मारलात तर खडी उडेल. मग फेविकॉल एक भाग, पाणी तीन भाग, सुई काढलेल्या सिरिंजने स्लीपरच्या फटीत. दूध झिरपावं तसं ते आपोआप पसरतं. एक दिवस हात लावू नका, पावसाळ्यात दोन. मग व्हॅक्यूमच्या तोंडाला जुना पायमोजा बांधून सुटे दाणे ओढून घ्या.

बोर्डांच्या मधल्या जोडाशी दोन्ही बाजूंची शेवटची २५ मिमी खडी घट्ट फेविकॉलने बसवा आणि काम करताना मध्ये प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा सरकवून ठेवा. नाहीतर दोन्ही बोर्ड एकमेकांना चिकटतात, आणि सुटताना कड घेऊन सुटतात.

काळा पाषाण

झाडांचं थोडक्यात. १५ मीटरचं झाड १७२ मिमी होतं. बहुतेक लेआउटवर झाडं याच्या निम्मी असतात आणि डब्यापुढे झुडपं वाटतात. पुढे दोन-चार झाडं खऱ्या मापाची, मागे सरकत जाल तशी लहान, माथ्यावर ३०-४० मिमी. खोल दिसतं.

खोडाला लोहार चाळीतली बहुपदरी तांब्याची वायर, आवरण सोलून. वीस-पंचवीस तारा पीळ घालून खोड, वर दोन-दोन, तीन-तीन तारांच्या फांद्या, त्यावर मातीत कालवलेला फेविकॉल. पानांना गादीवाल्याकडचं फोमचं कातरण, पाण्यात आणि हिरव्या ॲक्रिलिकमध्ये भिजवून जुन्या मिक्सरमध्ये फिरवायचं. कोरडं फिरवलं तर ते तरंगतं आणि पात्यात येत नाही. तीन हिरवे वेगवेगळे करा: आंबा-जांभळाचा काळपट, सागाचा पिवळसर, करवंदीच्या जाळ्यांचा मधला. फेब्रुवारी-मार्चचा घाट करत असाल तर एखादा निष्पर्ण पांगारा, टोकांना लाल ठिपके. एकच. दोन झाले की देखावा त्याच्याकडेच बघत राहतो. वरचा दिवा ४००० केल्विनचा लावा, ६५०० च्या पांढऱ्या ट्यूबखाली सगळे हिरवे निळसर होतात.

सुतारपक्षी

खडीबद्दल एक राहिलं. सांध्यावर खडी टाकण्याआधी पात्यांच्या खिळीवर आणि हलणाऱ्या पट्टीखाली टाचणीच्या टोकाने मशीन ऑइलचा एक-एक थेंब द्या, तिथे फेविकॉल धरत नाही. हलणाऱ्या पट्टीच्या खाली खडी टाकायचीच नाही, नुसता करडा रंग. सिरिंज तिथे वापरू नका, टूथपिकने थेंब थेंब द्या, आणि पुढचे दोन तास दर पंधरा मिनिटांनी सांधा इकडून तिकडे हलवत राहा. तरीही अडकला तर ओढू नका. कोमट पाण्याचे दोन-तीन थेंब टाकून दहा मिनिटं थांबा, फेविकॉल पुन्हा मऊ होतो. तुमच्या कॅच सायडिंगचा सांधा आहे तो, दोन्ही बाजूंना पूर्ण बसतो का ते गाडी न लावता, नुसता एक डबा हाताने ढकलून आधी बघा.